भिंत परदेशात, माणूस गावात

(कोल्हापूर येथे महिला कार्यकर्त्यांच्या कायदा-शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘इंटरनेट आणि स्त्रिया’ असा छापला आहे. एवढा मोठा विषय तासाभरात मांडणे मला जमणार नाही. त्यातल्या एकाच प्रश्नावर मी बोलणार आहे. एखाद्या बाईचे खाजगी फोटो तिच्या संमतीशिवाय परदेशातल्या एखाद्या संकेतस्थळावर चढवले, तर ते उतरवायला कोणाला सांगायचे? तो ऐकतो का? ऐकत नसेल तर का ऐकत नाही? आपल्या समुपदेशन केंद्रांत हा प्रश्न आता नवऱ्याच्या मारहाणीइतकाच नेहमीचा झाला आहे, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणींना त्यापुढे हात टेकावेसे वाटतात. हात टेकायची गरज नाही, हे मला आज सांगायचे आहे.

आपल्या चळवळीला चित्रांचा प्रश्न नवा नाही. १९८० च्या दशकात बायकांची बीभत्स चित्रे असलेल्या सिनेमाच्या जाहिरातींना काळे फासायला आपल्या आधीच्या पिढीतल्या कार्यकर्त्या रस्त्यावर उतरल्या होत्या. १९८६ साली स्त्रियांचे असभ्य चित्रण रोखणारा कायदा आला. पुढे १९९४ साली जळगावचे प्रकरण उघडकीला आले. मुलींची आणि बायकांची छायाचित्रे व चित्रफिती काढून त्यांच्या जोरावर त्यांना धमकावले जात होते. सारा महाराष्ट्र हादरला, मोर्चे निघाले, पण तक्रार द्यायला फार थोड्या जणी पुढे आल्या. फोटो ज्याच्या हातात, बाईची अब्रू त्याच्या हातात, अशी समजूत समाजानेच पक्की करून ठेवलेली होती. ती समजूत आजही हललेली नाही. बदलली आहे ती फोटो ठेवण्याची जागा. पूर्वी तो कोणाच्या तरी कपाटात असे, तिथे पोलीस पंचनामा करू शकत. पोस्टर भिंतीवर असे, त्याला काळे फासता येई. आता ती भिंतच परदेशात आहे.

हद्द कुठे संपते

आपल्या भागातल्या जुन्या माणसांना हद्द म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. कोल्हापूर, सांगली, मिरज, कुरुंदवाड अशी संस्थाने आणि मधूनमधून इंग्रजांचा मुलूख, अशी ठिगळे जोडलेली गोधडी होती ही. एकीकडे गुन्हा करून दुसरीकडे शिरले की इकडच्या शिपायाला परवानगीच्या कागदांची वाट पाहावी लागे. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि ती ठिगळे मिटली. परदेशी होस्टिंगचा धंदा नेमका त्याच ठिगळांवर चालतो. कंपनीची नोंदणी एका बेटावर, यंत्रे दुसऱ्या देशात, मालक तिसऱ्या देशात आणि गिऱ्हाईक आपल्या तालुक्यात.

होस्टिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. लक्ष्मीपुरीत एखादे दुकान आहे असे समजा. गाळ्याचा मालक वेगळा, दुकान चालवणारा वेगळा, दुकानावरच्या पाटीचे नाव नोंदणारा वेगळा. संकेतस्थळाचेही असेच असते. ज्याच्या यंत्रावर, म्हणजे सर्व्हरवर, ते फोटो साठवलेले असतात तो गाळ्याचा मालक, म्हणजे होस्टिंग कंपनी. संकेतस्थळाचे नाव विकतो तो नोंदणीदार. क्लाउडफ्लेअरसारखी एखादी कंपनी मध्ये उभी राहते, संकेतस्थळ वेगाने पोचवते आणि त्याचा खरा पत्ता बाहेरून दिसू देत नाही. गूगलसारखे शोधयंत्र लोकांना त्या दुकानापर्यंत आणून सोडते. आणि जाहिरातीचे किंवा सभासदत्वाचे पैसे कोणत्या तरी बँकेतून, कार्डातून जातात. तक्रार घेऊन गेले की प्रत्येक जण शेजारच्याकडे बोट दाखवतो. मधली कंपनी म्हणते, आम्ही साठवत नाही, तुमची तक्रार पुढे पाठवतो. नाव विकणारा म्हणतो, आम्ही फक्त नाव विकतो. गाळ्याचा मालक म्हणतो, आम्ही फक्त जागा भाड्याने दिली.

बहुतेक होस्टिंग कंपन्यांत तक्रारींसाठी एक विभाग असतो. त्याला ते ‘अब्यूज डेस्क’ म्हणतात. तिथे दिवसभर येणाऱ्या तक्रारींत बहुसंख्य असतात त्या फसव्या ईमेलच्या, विषाणूंच्या आणि सिनेमा-गाण्यांच्या चोरीच्या. चांगली कंपनी तक्रार वाचते, गिऱ्हाइकाला नोटीस देते, ठरावीक वेळेत मजकूर उतरला नाही तर जागा बंद करते. मध्यम प्रकारची कंपनी तक्रार जशीच्या तशी गिऱ्हाइकाकडे पाठवून मोकळी होते. म्हणजे आपल्या मुलीचे नाव, ईमेल आणि तिची सगळी कैफियत, ज्याने फोटो टाकले त्याच्याच हातात! आणि तिसऱ्या प्रकारची कंपनी तक्रारींकडे लक्ष न देणे हीच आपली जाहिरात करते. ‘अमेरिकी कॉपीराइट नोटिशीला आम्ही केराची टोपली दाखवतो’ अशा अर्थाचे शब्द त्यांच्या दरपत्रकात उघड छापलेले असतात, आणि त्यासाठी जादा भाडे घेतले जाते.

या तिसऱ्या प्रकाराचे टोकाचे उदाहरण म्हणजे जर्मनीतले ‘सायबरबंकर’. एका छोट्या गावाजवळच्या जुन्या लष्करी तळघरात हा सर्व्हरचा कारखाना चालत होता. आम्ही काय साठवतो ते विचारणार नाही, हीच त्यांची हमी. सप्टेंबर २०१९ मध्ये जर्मन पोलिसांनी शेकडो माणसांनिशी तिथे छापा घातला आणि डिसेंबर २०२१ मध्ये चालकांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. म्हणजे तळघर कितीही खोल असले तरी ते कोणत्या ना कोणत्या देशाच्या जमिनीतच असते.

मालकीची भाषा लवकर कळते

आता मुद्द्याचे. या कंपन्यांना कोणत्या तक्रारीची भीती वाटते? उत्तर ऐकून तुम्हाला राग येईल. मालमत्तेच्या तक्रारीची.

अमेरिकेने १९९८ साली एक कॉपीराइट कायदा केला. त्यात होस्टिंग कंपन्यांना एक सवलत दिली. गिऱ्हाइकाने चोरीचा सिनेमा ठेवला तर तुम्हाला जबाबदार धरणार नाही, मात्र मालकाची रीतसर नोटीस आली की मजकूर ताबडतोब उतरवला पाहिजे. नोटिशीत काय असावे तेही कायद्यात लिहिले आहे: आपली कलाकृती कोणती, ती कोणत्या पत्त्यावर सापडली, तक्रारदाराचा संपर्क, प्रामाणिक समजुतीचे निवेदन, शपथेवरचे निवेदन आणि सही. जगातल्या बहुतेक मोठ्या कंपन्या अमेरिकेशी व्यवहार करतात, त्यामुळे हा नमुना जगभर रूढ झाला. परदेशातल्या कंपनीसुद्धा तो अर्ज ओळखतात.

म्हणजे सिनेमा कंपनीच्या तक्रारीला १९९८ सालीच नमुना मिळाला, पत्ता मिळाला, परिणाम मिळाला. बाईच्या संमतीच्या तक्रारीला तसा देशव्यापी कायदा अमेरिकेत मिळायला १९ मे २०२५ उजाडावी लागली. त्या दिवशी ‘टेक इट डाउन’ कायद्यावर सही झाली. संमतीशिवायचे खाजगी चित्र, अगदी संगणकाने बनवलेले खोटे चित्रसुद्धा, तक्रारीनंतर ४८ तासांत उतरवण्याचे बंधन त्याने व्यासपीठांवर घातले आणि यंत्रणा उभारायला १९ मे २०२६ पर्यंतची मुदत दिली. मधली सव्वीस-सत्तावीस वर्षे बायकांनी काय करायचे होते?

हद्दीचेही तसेच आहे. जानेवारी २०१२ मध्ये ‘मेगाअपलोड’ या संकेतस्थळाच्या चालकाच्या घरावर न्यूझीलंडमध्ये पोलिसांनी हेलिकॉप्टरने छापा घातला. कंपनी हाँगकाँगची, मागणी अमेरिकेची, आरोप सिनेमा-गाण्यांच्या चोरीला वाव दिल्याचा. आपल्याकडेही चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच निर्माते उच्च न्यायालयात जातात आणि अनोळखी चोरांविरुद्ध मनाई हुकूम आणतात. त्यांना ‘अशोककुमार हुकूम’ म्हणतात, कारण प्रतिवादीचे नाव ठाऊक नसते म्हणून ‘अशोककुमार’ असे लिहितात. एप्रिल २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. बंद केलेल्या संकेतस्थळाने नाव बदलून पुन्हा दुकान उघडले तरी नव्याने दावा लावायला नको, त्याच हुकमात ते नाव जोडता येईल, असे ठरवले. हे सगळे शक्य आहे, हे मालमत्तेसाठी करून दाखवलेले आहे. मग तेच बाईसाठी मागताना ‘इंटरनेटला हद्द नसते, काय करणार’ हे उत्तर आपण का ऐकून घ्यायचे?

एका मुलीचे अकरा फोटो

आमच्या केंद्रात आलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे काही सांगणार नाही, तपशील थोडे बदलले आहेत. लग्न ठरले होते, ते मोडले. काही महिन्यांनी तिच्या चुलतभावाला कोणीतरी एक दुवा पाठवला. एका परदेशी संकेतस्थळावर तिचे अकरा फोटो, खाली नाव आणि गाव. ती आली तेव्हा एकच वाक्य बोलत होती, “ताई, फोटो तेवढे काढा, बाकी मला काय बी नको.” तिची आई म्हणत होती, पोलिसांत जायला नको, गावात बोभाटा होईल.

होस्टिंग कंपनीला आम्ही पहिला अर्ज लिहिला तो खाजगीपणाचा भंग म्हणून. दोन दिवसांत दोन ओळींचे उत्तर आले: आमच्या देशातल्या न्यायालयाचा हुकूम आणा. मग वकीलताईंनी विचारले, यातले फोटो कोणी काढलेत? सात तिने स्वतः, आपल्या फोनवर. चार त्याने. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती. म्हणजे त्या सात फोटोंची मालकीण तीच. त्या सातांसाठी कॉपीराइटची नोटीस गेली. पाचव्या दिवशी सातही उतरले.

उरलेले चार? देह तिचा, चेहरा तिचा, आणि कायद्याच्या दृष्टीने कॉपीराइट त्याचा. कॉपीराइटचा अर्ज शपथेवर असतो, त्यात खोटे लिहिणे चालत नाही, आणि लिहूही नये. त्या चारांसाठी शेवटी पोलिसांतच जावे लागले. गुन्हा नोंदला गेला, त्याचा फोन जप्त झाला, खाते त्याच्याच नावाचे निघाले. पंचनामा झाल्यावर उरलेले चार फोटो त्याच्याच खात्यातून उतरवले गेले. सर्व्हर समुद्रापलीकडे होता, पण किल्ली पंधरा किलोमीटरवरच्या एका खिशात होती.

या गोष्टीतून मला दोन गोष्टी अधोरेखित करायच्या आहेत. कॉपीराइट हे हत्यार आपल्यासाठी घडवलेले नाही, पण काही वेळा ते चालते. चालते तिथे वापरावे. मात्र त्याची एक धार आपल्याकडे वळलेली असते. नोटिशीतले नाव-पत्ता समोरच्याला मिळू शकतो. त्याने उलट नोटीस दिली आणि आपण दावा लावला नाही, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत चढू शकतो. म्हणून मुलीने स्वतःच्या ईमेलवरून, घरचा पत्ता घालून नोटीस कधीही पाठवू नये. कायदा अधिकृत प्रतिनिधीला सही करू देतो. तिच्याकडून लेखी अधिकारपत्र घ्यावे आणि वकिलाच्या किंवा संस्थेच्या पत्त्यावरून नोटीस जावी.

मुंबईच्या पोलिसांनी दाखवलेले

परदेशी सर्व्हर म्हटले की ठाण्यावर खांदे उडवले जातात. तेव्हा १ जानेवारी २०२२ आठवावा. त्या दिवशी ‘बुल्ली बाई’ नावाच्या ॲपवर शंभराच्या आसपास मुस्लिम स्त्रियांचे फोटो ‘लिलावाला’ मांडले गेले. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या बायका होत्या. ॲप ठेवले होते गिटहब या अमेरिकी कंपनीच्या जागेवर. त्याआधी जुलै २०२१ मध्ये असाच प्रकार दुसऱ्या नावाने झाला होता. तेव्हाही गिटहबने तक्रारींनंतर ते उतरवले, पण अमेरिकेकडून माहिती मागवण्याच्या कागदपत्रांत दिल्लीचा तपास सहा महिने रेंगाळला. कोणालाही अटक झाली नाही. ‘बुल्ली बाई’च्या वेळी मुंबईच्या सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि काही दिवसांत बंगळूर आणि उत्तराखंडातून अटका केल्या. आरोपी विशीच्या आसपासचे विद्यार्थी निघाले, आणि त्यांत एक मुलगीही होती. त्यानंतरच जुलैच्या प्रकरणातही दिल्ली पोलिसांनी अटक केली.

भारत आणि अमेरिका यांच्यात परस्पर कायदेशीर साहाय्याचा करार २००५ पासून अमलात आहे. त्याचे कागद फिरायला वेळ लागतो, हे खरे. पण खाते उघडताना दिलेला फोन, दुवा पसरवणारी ट्विटर खाती, पैशाचा माग, हे धागे बहुधा इथल्याच मातीत असतात. पहिल्या वेळी बोळवण झालेल्या बायकांनी दुसऱ्या वेळी पुन्हा तक्रार केली म्हणून ते धागे ओढले गेले, हे विसरू नका.

आपल्या हातात काय आहे

आता कायदा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-ई हे कलम संमतीशिवाय खाजगी अवयवांचे चित्र काढणे, पसरवणे यासाठी आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. ६७ आणि ६७-ए ही कलमे अश्लील व लैंगिक मजकूर पसरवण्यासाठी आहेत. भारतीय न्याय संहितेत चोरून पाहणे वा चित्रण करणे यासाठी ७७ आणि पाठलागासाठी ७८ ही कलमे आहेत. गुन्हा आमच्या हद्दीत नाही असे ठाण्याने सांगितले तर नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ दाखवा. गुन्हा कुठेही घडला असो, नोंद घ्यावीच लागते. त्यालाच आपण ‘झीरो एफआयआर’ म्हणतो.

आपण एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ६७ आणि ६७-ए ‘अश्लीलता’ मोजतात, संमती मोजत नाहीत. म्हणून मुलीला भीती वाटते की, फोटो मीच काढला, मीच त्याला पाठवला, मग मलाच धरतील का? तक्रार लिहिताना अश्लीलतेवर भर देऊ नका. ‘माझ्या संमतीशिवाय’ हे शब्द पहिल्या ओळीत लिहा. तिने विश्वासाने एकाला दाखवले, याचा अर्थ गावाला दाखवायची परवानगी दिली असा होत नाही.

कंपन्यांसाठी २०२१ चे नियम आहेत. खाजगी चित्राबद्दल स्वतः त्या स्त्रीने किंवा तिच्या वतीने कोणी तक्रार केली तर २४ तासांत उतरवावे, असे त्यांत होते. फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ही मुदत २ तासांवर आणली. ‘तिच्या वतीने’ हे दोन शब्द आपल्या संस्थांसाठी फार मोलाचे आहेत. कंपनीने ऐकले नाही तर २०२३ पासून केंद्र सरकारच्या तक्रार अपील समित्यांकडे अपील करता येते. पण नियम मोडण्याची शिक्षा काय? कायद्याने दिलेले संरक्षण जाते, मग इथल्या न्यायालयात जबाबदार धरता येते. ज्या कंपनीचे भारतात कार्यालय नाही, नोकर नाही, गिऱ्हाइकांची पर्वा नाही, तिला या शिक्षेचे काय? म्हणून नियम मोठ्या कंपन्यांवर चालतो आणि बेटावरच्या कंपनीपुढे अडतो.

तिथे दुसरे दोर ओढावे लागतात. ते एकेक सांगते.

पहिले काम पुराव्याचे. फोटो उतरवण्याआधी त्या पानाचा संपूर्ण पत्ता, तारीख, वेळ टिपून घ्या, पडद्याची छबी घ्या, जमल्यास दुसऱ्या व्यक्तीसमक्ष. न्यायालयात संगणकीय पुराव्याबरोबर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. रागाच्या भरात त्याला फोन करून ‘काढ’ म्हणालात तर तो फोटो काढेल आणि पुरावाही जाईल.

दुसरे, लोकांना दुकानापर्यंत आणणारी वाट बंद करा. गूगल २०१५ पासून अशा फोटोंचे दुवे शोधातून काढण्याचे अर्ज घेते. एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शोधयंत्रांना बजावले की, त्या स्त्रीला दर नव्या दुव्यासाठी पुन्हा पुन्हा दारात उभे करू नका. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या. तरी अर्ज करताना त्या निकालाचा उल्लेख जरूर करा. फोटो परदेशी यंत्रावर राहिला तरी तिच्या नावाने शोधणाऱ्या सासरच्यांना, मालकाला तो सापडला नाही, तर तिच्या जगण्यात फार फरक पडतो.

तिसरे, पोटभाडेकरूच्या वरचा मालक शोधा. ‘आम्ही ऐकत नाही’ म्हणणाऱ्या अनेक छोट्या कंपन्या स्वतःच मोठ्या कंपनीची यंत्रे भाड्याने घेऊन पुढे भाड्याने देतात. युरोपातल्या आयपी पत्त्यांची नोंदवही राइप ही संस्था ठेवते. त्या पत्त्यांसमोर तक्रारीचा ईमेल नोंदवलेला असतो. एखादी शिकलेली पोरगी हे पंधरा मिनिटांत शोधून देते. यंत्र युरोपीय संघात असेल तर तिथल्या डिजिटल सेवा कायद्याने फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक होस्टिंग कंपनीला तक्रार घेण्याची सोपी व्यवस्था ठेवणे आणि निर्णय कळवणे बंधनकारक केले आहे. अर्जात त्या कायद्याचे नाव घाला.

नाव विकणाऱ्या नोंदणीदारांकडून मात्र फार आशा ठेवू नका. त्यांच्यावर एप्रिल २०२४ पासून गैरवापर रोखण्याचे बंधन आले, पण ‘गैरवापर’ म्हणजे विषाणू, फसवे ईमेल, बनावट संकेतस्थळे एवढेच. यंत्राला झालेला ताप तिथे मोजला जातो, बाईला झालेला नाही.

चौथे, पैसा. डिसेंबर २०२० मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने पॉर्नहबचे व्यवहार थांबवले आणि त्याच महिन्यात त्या कंपनीने ओळख न पटवलेल्या लोकांनी चढवलेल्या लाखो चित्रफिती हटवल्या. बायका आणि मुली वर्षानुवर्षे जे मागत होत्या ते कार्ड बंद होताच काही दिवसांत झाले.

पाचवे, अजून पसरले नसेल तर आधीच अडवा. ‘स्टॉप एनसीआयआय’ ही व्यवस्था डिसेंबर २०२१ पासून चालू आहे. फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो, तो ठसा त्यात सामील असलेल्या कंपन्यांकडे जातो आणि तो फोटो त्यांच्याकडे चढताना ओळखला जातो. अठरा वर्षांखालच्या मुलींसाठी ‘टेक इट डाउन’ नावाचीच वेगळी सेवा आहे. धमकी आल्याबरोबर हे करता येते.

आणि सहावे, न्यायालय. जुलै २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका वकील स्त्रीच्या अर्जावर तिच्या चित्रफिती ४८ तासांत हटवण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. त्यातूनच नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने अशा तक्रारींची कार्यपद्धती जाहीर केली. परदेशी संकेतस्थळ भारतात दिसणे बंद करायचे तर अखेर हाच मार्ग. पूर्वी यासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या गावातच उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या बाईला आता रात्रीची एसटी पकडायला नको. आणि स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्याने दिलेला आहे.

दुसरी बाजू

आता एक सावधगिरी. ‘तक्रार आली की काढून टाका’ ही मागणी बिनशर्त केली तर ती आपल्यावरच उलटेल. २०१२ साली पालघरच्या दोन तरुण मुलींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली, ती आपल्या राज्यात. त्यानंतर श्रेया सिंघल या तरुणीने लढवलेल्या खटल्यात मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६६-ए कलम रद्द केले. कॉपीराइटच्या खोट्या नोटिशी पाठवून पत्रकारांचे लिखाण गायब करण्याचा धंदा ‘एलिमिनालिया’ नावाची स्पॅनिश कंपनी करत होती, हे २०२३ मध्ये पत्रकारांनीच उघड केले. उद्या एखादी बाई आपल्या छळाविषयी लिहील आणि छळणारा ‘हा माझा फोटो आहे, उतरवा’ म्हणेल. शिवाय परदेशी सर्व्हर हा नेहमी दुष्टांचाच अड्डा असतो असेही नाही. गर्भपाताची माहिती देणारे ‘विमेन ऑन वेब’ हे संकेतस्थळ अनेक देशांनी बंद पाडण्याचा प्रयत्न केला. त्यांना त्या देशांबाहेर आसरा नसता तर ते टिकले नसते.

तेव्हा आपली मागणी नेमकी हवी. सरसकट संकेतस्थळे बंद करा, अश्लीलता हटवा, संस्कृती वाचवा, ही आपली घोषणा नव्हे. ज्या स्त्रीचे चित्र आहे तिची संमती नाही, एवढ्यावर ते ठरावीक वेळेत उतरले पाहिजे. तक्रारदाराचे नाव समोरच्याला कळता कामा नये. उतरवलेल्या मजकुराचा पुरावा तपासासाठी जपला पाहिजे. आणि चूक झाली असेल तर दाद मागता आली पाहिजे. सिनेमाच्या मालकाला जे मिळते त्यापेक्षा यात काही जास्त मागितलेले नाही.

याच कोल्हापुरात १९१९ साली शाहू महाराजांनी घरात बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. तेव्हाही ‘घराच्या आत सरकारचा काय संबंध’ असे म्हणणारे होतेच. उंबरठा ही हद्द आहे, तिच्या आत कायदा येत नाही, असे ते मानत. आज समुद्र ही हद्द आहे असे सांगितले जाते.

शेवटी कामाचे बोलते. प्रत्येक तालुक्यात आपल्यापैकी दोघींनी हे शिकून घ्यायचे आहे: एकीने अर्ज लिहायला, दुसरीने पत्ते शोधायला. नोटिशींचे मराठी आणि इंग्रजी नमुने आपण तयार करून देणार आहोत. जिल्हा पोलीस अधीक्षकांना भेटून प्रत्येक ठाण्यात ‘हद्दीबाहेर’ हा शब्द ऐकावा लागू नये अशी लेखी सूचना मागणार आहोत. आणि दारात एखादी मुलगी आली, तर तिला पहिल्यांदा ‘असले फोटो काढलेसच कशाला’ हे विचारायचे नाही. पहिल्यांदा विचारायचे, “बाई, जेवलीस का?” आणि मग विचारायचे, “यातले फोटो कोणी काढलेत?”